सातचा पाढा

बुटांवरूनच चढवा हे नमद्याचे जोडे.
फरशी ओकच्या लाकडाची, सन चौतीसची,
तिला टाचांची सवय नाही,
असं मी रोज सांगते.
खोटं आहे ते. टाचा तिनं पुष्कळ सोसल्यात.

कौनास शहर, हिरव्या टेकडीचा चढ,
आणि चढ दमतो तिथं हे घर.
कोपरा असायचा त्या जागी काच वळवून घेतलेली,
जणू भिंतीला कुणी म्हणालं,
अगं, एवढं ताठ कशाला?
दंतवैद्य गाल्विदिस यांनी बांधून घेतलं.
छप्पर सपाट. शेजारी म्हणाले, बर्फ जाणार कुठं?
कुठंच गेला नाही.
दर मार्चमध्ये जेवणघराच्या छताला पिवळा डाग पडतो,
आता तोही आम्ही वारशात धरतो.

मुठी पाहा दारांच्या. पितळी,
अंगठ्यापुरता खळगा असलेल्या.
सोमवारी घर बंद, तेव्हा मी त्या पुसते,
अठ्ठावीस आहेत,
आणि अठ्ठाविसाव्या मुठीपाशी
माझाच हात मला परका वाटतो.

इथं भिंतीत बोटभर जागा उघडी ठेवलीय:
वर तपकिरी, खाली दवाखानी हिरवा,
मग चुना, मग वर्तमानपत्र,
आणि तळाशी मूळ रंग, ताकावर तरंगणाऱ्या लोण्यासारखा.
तिथवर पोचायला दोन हिवाळे खरवडत होतो,
बारीक सुरीनं, किडका दात कोरावा तसं.
गाल्विदिसना पटलं असतं.

एकेचाळीसच्या जूनमध्ये, पहाटे, एक ट्रक आला.
पाटीवर एवढंच लिहिलंय, मीही एवढंच सांगते.
नंतर चार कुटुंबं. चार चुली, चार मीटर, घंटा एकच:
एकदा वाजली तर तळमजला, दोनदा तर जिन्याखालचे,
तीनदा म्हणजे दिवाणखान्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडे राहणारे.
चारदा कुणासाठी, ते आता कुणाला आठवत नाही.

समितीनं ठरवलं, चौतीस साल तेवढं खरं.
फळ्या निघाल्या, चुली निघाल्या,
चव्वेचाळीस वर्षं तीन दिवसांत गाडीत भरून गेली.

गेल्या ऑक्टोबरात एक बाई आल्या, दोमित्सेले नावाच्या,
हातात जाळीची पिशवी, पिशवीत एक कोबी.
वळलेल्या काचेकडे पाहिलंसुद्धा नाही,
लोक तिच्यासाठी विमानानं येतात.
दिवाणखान्याच्या मधोमध थांबल्या,
अंग चोरलं, तिरक्या झाल्या,
आणि नसलेल्या भिंतीच्या नसलेल्या दारातून
पलीकडे गेल्या.
'इथं माझी खाट. आणि इथून सगळ्यांची खोकली ऐकू यायची.'

मग दोरीच्या आत वाकून म्हणाल्या,
'हे कपाट अजून डुगडुगतं?'
एकशे बारा क्रमांक: कपाट, अक्रोड, मूळ स्थितीत.
नाही डुगडुगत, मी म्हटलं.
'मग कागद आहे तिथंच.'

गुडघे टेकले मी. मागच्या डाव्या पायाखाली
वहीचं पान, आठ घड्यांचं, पुठ्ठ्यासारखं घट्ट झालेलं.
कडेला जांभळी शाई, एक सात, एक गुणिले,
पुढचं सगळं कपाटाच्या वजनाखाली.
'सातचा पाढा,' बाई म्हणाल्या.
'बाई वर्गात उभं करायच्या.
पाठ होईना, म्हणून पुरला.
वडील म्हणाले, बरं झालं, कपाट तरी स्थिर झालं.'
आणि हसल्या. दोन दात सोन्याचे.
मी विचारलं, आता येतो?
'बेचाळीसपर्यंत.'

कागद काढला नाही मी. वहीत नोंदही नाही केली.
काढला तर कपाट हलेल,
नोंदला तर समिती काढायला लावील.
रात्री हिशेब मांडते, यातलं जतन कशाला म्हणायचं,
आणि झोप लागून जाते.

चला, प्रकाश आहे तोवर काचेपाशी जाऊ.
सांभाळून. तिकडून सरळ नका येऊ,
इथून, जरा तिरके होऊन.
हो, इथूनच.
का ते ठाऊक नाही, पण हल्ली मी
सगळ्यांना इथूनच नेते.